भिंतीपलीकडच्या टाळ्या

२ फेब्रुवारी

पलीकडच्या बिऱ्हाडात टीव्ही नाही! ही आज त्यांच्याकडे तासभर बसून आली, बातमी तिनंच आणली. सगळं मोबाइलवर बघतात म्हणे, डब्याला टेकवून. जागा वाचते, असं हिचं मत. माझं मत वेगळं. टीव्ही चारचौघांत बघतात. मोबाइलवर माणूस काय बघतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

माझा उभा जन्म कस्टममध्ये गेला, विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडण्यात. बॅगेत काय आहे ते मागाहून कळतं, आधी माणूस कळतो. हा माणूस वर्ष होत आलं तरी मला कळलेला नाही. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. सीमेवरच्या जिल्ह्यातली माणसं. घरात बोलतात ती भाषा सीमेपलीकडेही बोलतात. आणि नोकरी कुठं, तर शहराच्या पाण्याच्या टाकीवर! सगळ्यांचं पाणी याच्या हातात. मी हे बोलून दाखवलं तर ही म्हणाली, मग पिता कशाला?

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

४ फेब्रुवारी

पहिला सामना. सीमेपलीकडचा संघ आलाय, आता तीन आठवडे दुसरा विषय नाही.

आपल्या सलामीच्या गड्यानं असा षटकार ठोकला — मी खुर्चीतून उठलोच. ही म्हणाली, गुडघा सांभाळा. बसतोय न बसतोय तोच पुढच्या चेंडूवर पठ्ठ्याचा त्रिफळा! घरात सुतक. आणि भिंतीपलीकडून टाळ्या!

नीट ऐकल्या. नवऱ्याच्या, बायकोच्या, वर पोरीची आनंदाची किंकाळी. आपला गडी मान खाली घालून परत चाललाय आणि यांच्याकडे दिवाणखान्यात जल्लोष.

ही म्हणते, तिला काही ऐकू आलं नाही. हिला नको ते कधीच ऐकू येत नाही.

५ फेब्रुवारी

पाणीवाला जिन्यात भेटला. (मनात मी त्याला पाणीवालाच म्हणतो.) "काका, काल थोडक्यात गेला हो सामना." इतका हळहळला, इतका हळहळला, की माझा संशय पक्का झाला.

९ फेब्रुवारी

दुसरा सामना. आज तयारीनं बसलो — खुर्ची भिंतीला लावून, टीव्हीचा आवाज कमी करून. ही म्हणाली, सामना तिकडे आहे, भिंतीत नाही.

पुन्हा तेच. आपला चौकार — पलीकडे चिडीचूप. पुढच्या चेंडूवर आपला गडी झेलबाद — पलीकडे "वा!"

पुढे तर कहर. आपल्या गोलंदाजानं त्यांचा कप्तान उडवला. मी ओरडलो, खालच्या मजल्यावर इमारतीचे अध्यक्ष ओरडले, समोरची इमारत ओरडली. पलीकडे शांतता. मग इकडे साबणाची जाहिरात लागली आणि तिकडे टाळ्या सुरू! साबणाला टाळ्या? उशिरानं लक्षात आलं असणार, की आपण गप्प बसलो ते लोकांना कळेल. मग केलं नाटक.

आता मला शंका उरलेली नाही.

१० फेब्रुवारी

अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते आमच्या बरोब्बर खाली राहतात, इमारतीच्या समितीचे अध्यक्ष आहेत, आणि सगळे त्यांना नुसतं अध्यक्षच म्हणतात — त्यांची बायकोसुद्धा. म्हणाले, तुमचं नाक आजवर चुकलेलं नाही. पाणीवाल्याचा भाडेकरार महिनाअखेरीस संपतो. घरमालक परगावी, समितीनं होकार दिला तर तो करार वाढवणार, नाहीतर नाही. रविवारी बैठक.

मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. ऐकलं ते सांगितलं.

१२ फेब्रुवारी

लेकीचा परदेशातून फोन. तिला तिकडचं नागरिकत्व मिळून आता बरीच वर्षं झाली. शपथ घेतली, तिकडेच मत देते. पण सामना मात्र आपल्याच संघाचा बघते, आपल्याच संघाचा शर्ट घालून, तिकडच्या शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून! ऊर भरून आला. रक्त कुठं जातंय!

ही भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत राहिली. 

१४ फेब्रुवारी

पलीकडच्या गॅलरीत झेंडा लागलाय. आपला! अध्यक्षांच्या झेंड्याहूनही मोठा. चोराच्या मनात चांदणं.

१६ फेब्रुवारी

बैठक झाली.

मी साक्ष दिली. फुगवून सांगितलं नाही, कमीही केलं नाही. आपला गडी बाद झाला की यांच्याकडे टाळ्या. एकदा नव्हे, प्रत्येक सामन्यात, या कानांनी ऐकलंय. कुणीतरी म्हणालं, टाळ्या वाजवणं हा गुन्हा आहे का? अध्यक्ष म्हणाले, गुन्ह्याचा प्रश्न नाही, मनाचा आहे.

पाणीवाल्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "मी? आपला माणूस बाद झाल्यावर?" चेहरा अगदी कोरा. असे चेहरे मी हजारांनी पाहिलेत. बॅगेला खोटा तळ असणारी माणसं अशीच बघतात.

पण खरं लिहायचं तर, काही माणसं तशी बघायची आणि बॅगेत नुसते कपडे निघायचे. असो.

आवाज चढवला नाही त्यानं. मुलीचं वर्ष संपेपर्यंत तरी राहू द्या म्हणाला, तिची शाळा मागच्याच गल्लीत आहे. मग मला वेगळं धरून म्हणाला, "काका, मी तुमच्याच रांगेत उभा राहून मत देतो. मागच्या वेळी तुमचा गुडघा दुखत होता, मी तुम्हाला पुढे घेतलं. आणखी काय केलं म्हणजे चालेल, ते तरी सांगा."

गुडघा दुखत होता, हे खरं. तेवढं खरं म्हणजे त्याचं सगळंच बरोबर आहे, असं नव्हे.

करार वाढवायचा नाही असं ठरलं. दोघांचा विरोध, बाकी सगळे आमच्या बाजूनं. रीतसर हात वर करून झालं, लोकशाही आहे.

१७ फेब्रुवारी

ही ताट वाढते, पाणी ठेवते. एवढंच म्हणाली, "आता पाणी निर्धास्त प्या."

१९ फेब्रुवारी

पलीकडे सामानाची बांधाबांध. कुठं जाणार, ते अजून ठरलेलं नाही म्हणे. तूर्त तिघं त्याच्या बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पोरगी जिन्यात एकटीच बसली होती. मला बघून सरकली, वाट दिली, आणि रोजच्यासारखं "आजोबा" म्हणाली नाही.

लहान मुलांच्या मनात मोठी माणसंच भरवतात हे.

२१ फेब्रुवारी

टीव्ही बंद पडला! पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. दुरुस्तीवाला सोमवारनंतर येतो म्हणाला. अंतिम सामना रविवारी! अध्यक्षांकडे जाऊन बघावं, पण ते स्वतःच सगळा खेळ समजावून सांगतात, चेंडू बघू देत नाहीत. ही म्हणाली, माझ्या मोबाइलवर लावून देईन, मला शिकवलंय. कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी

अंतिम सामना. मोबाइल डब्याला टेकवला होता. आपल्या कप्तानानं षटकार मारला आणि मी गुडघा विसरून उठलो, टाळ्या पिटल्या, ओरडलो. हीसुद्धा ओरडली, किती दिवसांनी!

माझा फोन वाजला. खालून अध्यक्ष. "काय हो, आपला कप्तान बाद झाला आणि तुमच्याकडे टाळ्या? तुम्हालाही शेजारचं वारं लागलं की काय?" हसत म्हणाले. पण हसणं संपल्यावर थांबले — मी काय उत्तर देतो ते ऐकायला.

मी मोबाइलकडे बघितलं. कप्तान बाद झालेला नव्हता. क्रीजवर उभा होता, हातमोजे सारखे करत होता. मग गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला, आणि कप्तानाचा त्रिफळा उडाला.

मोबाइलवर एक चेंडू उशिरा दिसतं.

"बोला की," अध्यक्ष म्हणाले.

भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. ट्रक काल सकाळीच गेला.