दुसरा कप

धसई

लाडके मैनाताय,

तू शिकवलेली इंग्रजीची युक्ती काल उघडी पडली गो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आन् ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. त्याच युक्तीवर तू मुरबाडच्या कॉलेजातून पास होऊन खर्डीला सासरी गेलीस, आन् मी पण पूर्ण मार्क घेत आले.

काल नवीन मॅडमनी माझ्या उत्तरावर बरोबरची खूण केली. मग म्हणाल्या, "आता वही मिट. उताऱ्यातला म्हातारा रोज दोन कप चहा का ओततो, मराठीत सांग." मी हळूच परत वही उघडाय गेले. बाकीचे पण उताऱ्यात शब्द शोधाय लागले. मॅडम रागावल्या नाय, एकेक वाक्य आमच्यासोबत वाचत गेल्या. म्हाताऱ्याची बायको वारलेली असते. सवयीनं तो तिचा कप भरतो, आन् चहा तसाच थंड होतो.

मला एकदम आई दिसली. तू तर खर्डीला मजेत आहेस, पण तू गेल्यापासून ती रोज एक भाकरी जास्त थापते. बाबा इचारतात, "आज पण चुकलीस काय गो?" ती नुसती हसते.

हे पत्र पाठवत नाय. वाचून तू रडत बसशील, आन् भावोजी मला ओरडतील. पण हाच उतारा तुझ्या पेपरात पण होता, ताय. पूर्ण मार्क मिळाले तुला, आन् त्यात काय लिवलंय ते अजून माहीत नाय. येशील तेव्हा सांगेन.

तोवर तुझी भाकरी मीच खाते.

तुझी, जाडी होत चाललेली,
अपेक्षा