बॅटरी उतरवणाऱ्याच्या नावे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त आरेखक, आज न्याहारी करून, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. अक्षर वाकडे आले तर तो वयाचा दोष. मनाचा नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सारे काही माझ्या एकुलत्या मुलाच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. माझी निळी चारचाकी मुलाला द्यावी. काय निळी होती ती! पावसाने धुतलेले आभाळ कुणी पत्र्यावर अंथरावे तशी. तिच्यात बसलो की शाळेतल्या कविता ओठांवर येत. पहिली ओळ मी म्हणायचो, दुसरी डावीकडच्या सीटवरून ही. ओळ चुकली तर मी गाडीच पुढे नेत नसे. ही म्हणे, "मास्तर, परीक्षा नंतर घ्या, मागचे हॉर्न वाजवतायत."

२. अडगळीत रचलेल्या मेलेल्या बॅटऱ्या बॅटरीच्या दुकानदाराला पोचवाव्यात. दर वेळी म्हणायचा, "काका, ही संपली, नवीन टाका." वॉरंटीत परत नेली की, "आतला दिवा तुम्हीच चालू ठेवला असणार!" एवढे एकच वाक्य तो खरे बोलला. फक्त माणूस चुकला.

३. घर, बँकेतील ठेवी आणि माझी कवितांची जुनी पाठ्यपुस्तके नातीला, म्हणजे मुलाच्या मुलीला. ती सज्ञान आहे. मुलाला व सुनेला घरात कोणताही हक्क नाही. कारण पुढे देत आहे.

मी गाडी चालवू नये, अशी मुलाची इच्छा होती. असू दे. म्हातारपणी नजर अधू होते, त्यालाही काळजी वाटत असेल. पण बापाकडे किल्ली मागायला जीभ लागते. ती त्याला नव्हती. निजण्याआधी तो दुसऱ्या किल्लीने गाडी उघडून आतला दिवा लावायचा आणि सकाळी फिरायला निघताना विझवायचा. मी सर्व्हिसिंग केले, वायरिंग बदलले, डायनॅमो बदलला. तो शेजारी उभा राहून म्हणायचा, "बाबा, विका आता हे खटारं."

एका दुपारी ही स्वयंपाकघरात कोसळली. शेजारणीच्या मदतीने तिला डावीकडच्या सीटवर बसवले आणि किल्ली फिरवली. नुसते टक्. मुलाला फोन केला. "बॅटरी गेली असणार. मी सांगत नव्हतो?" म्हणाला. रुग्णवाहिका आली तोवर हिचे तोंड वाकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते. त्यानंतर ती आठवडाभर जगली. मी उशाशी बसून पहिली ओळ म्हणत राहिलो. दुसरी आली नाही.

पुढे सून जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्या हट्टापायी आई गेल्या." मुलगा समोरच होता. "आणखी वाढ," म्हणाला. तिला.

आई गेल्यावर तरी तो थांबला असता, तर मी आजही बॅटरीलाच शिव्या देत असतो. पण गाडी आपोआप बरी झाली तर बाप विचारील, ही भीती. गॅरेजवाल्याने गाडी आपल्याकडे ठेवून घेतली. तिथे ती रोज पहिल्या फटक्यात सुरू व्हायची. घरी आणली की दुसऱ्या दिवशी मढे. तो म्हणाला, "आजोबा, रोग गाडीत नाही. तुमच्या घरात आहे." मग मी पहाटे खिडकीत बसलो आणि पाहिले.

मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. रोज त्याच्या हातचा चहा घेतला, औषधे घेतली, आशीर्वादही दिला. मी रागावलो असतो तर तो रडून मोकळा झाला असता.

४. गॅरेजवाला साक्षीदार असल्याने त्याला काही ठेवता येत नाही. त्याने राग मानू नये.

५. हे मृत्युपत्र वकिलांनी वाचू नये. मुलाने ते सुनेसमोर व नातीसमोर मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचावे. नक्कल वकिलांकडे बंद पाकिटात आहे, ती त्यांनी तेव्हाच उघडावी. गाळलेली ओळ ते वाचून दाखवतील.

बाळ, मी कुणाला काही सांगितलेले नाही. सगळे आत्ता तूच, तुझ्याच तोंडाने सांगितलेस. आता मान वर कर आणि तुझ्या मुलीला विचार, आज झोपायला कुठे जाऊ?

सही : (मृत्युपत्र करणारा)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. गॅरेजवाला (सही)
२. शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही)

ठिकाण : राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२३