आयच्या टपरीची पाटी

सिल्वासा, १२ जुलै २०२४

चि. सुषमीस, दादाचे लय आशीर्वाद.

मी बरा हाय. कंपनीत दिसभर प्लास्टिकचा धूर खातो, पण तुझ्या पाकिटातला फोटो बघून जशी शिसारी आली तशी त्या धुरानं बी कदी आली न्हाई. आयच्या टपरीवर ‘आंटी’ची पाटी? ट्रेकवाल्या पोरांनी फुकट रंगवून दिली म्हणून लगेच टांगली व्हय? वर ते ए-एन-टी-आय! खोलीतला ओंकार हसून लोळला. म्हनला, ह्याचा अर्थ विरोधी. खरं ए-यू-एन-टी-वाय, कुनी शेवटाला आय-ई बी लावतं.

कसंबी लिव्हा, मला ते नगंच. हितं दारूच्या गुत्तेवालीला आंटी म्हनत्यात. रस्त्यानं चाललेल्या बाईला पोरं छेडत्यात, ती बी आंटीच. पुन्यात शेजारणीला मानानं म्हनत असतील. आपल्यात मावशी, मामी, काकू समद्या मेल्या का?

नवी पाटी करून ट्रकवाल्याकडं दिलीय. आपल्या बाला उर्से टोलनाक्यावर आनायला धाड. ती लागली न्हाई तर मी दिवाळीला येत न्हाई.

आयच्या पायावर डोकं. तुझ्यावर राग हाय, माया बी हाय.
करण


लोहगडवाडी, २ ऑगस्ट

ती. दादास, सुषमाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस, म्हणून लिहिते. पाटी लावली. ‘बायाचं हाटेल’! अरे, आईचं ‘बाया’ हे नाव बासुद्धा कधी घेत नाहीत, ‘ऐकलं का’ म्हणतात. रविवारी एक मिसरूड फुटलेला पोरगा चिखलाचे बूट बाकावर ठेवून ओरडला, ए बाया, दोन भजी! आई चुलीकडं तोंड करून बसली, उठलीच नाही. म्हणाली, आंटी म्हणायचे तवा ती दुसरीच कोन बाई व्हती. आता लेकानं मलाच चव्हाट्यावर बसवली.

दोन्ही पाट्या शेळ्यांच्या छपराला गळतीवर घातल्या. आईनं सांगितलं तसं मी फळीवर चुन्यानं लिहिलं, ‘करणच्या आईची टपरी’. आता गिऱ्हाईक विचारतं, करण कुठाय? ती सांगते, दिवाळीला येनार हाय.

तिला खोटं पाडू नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
सुषमा


सिल्वासा, १४ ऑगस्ट

चि. सुषमीस, आशीर्वाद.

पत्र वाचून जेवान गेलं न्हाई. परत शिसारी आली, पर ह्या टायमाला माझीच.

दिवाळीला येतोय. आयला म्हनावं, बाकावरचा चिखल खरवडू नगं. पाटीवर नाव माझं हाय, तर बाक बी मीच धुनार.

तुमी समदी हायसा म्हणून मी हाय.
करण