स्पिरिटची बाटली

चि. चिमणीस,
आशीर्वाद, आणि एक प्रश्न.

लग्नात मी दिलेली चंदनाची पेटी अजून धड आहे ना? चंदनात तेल मुरलेलं असतं. सरस लावण्याआधी जोड स्पिरिटने पुसला नाही, तर दोन-तीन वर्षांत तो सुटतो. चाळीस वर्षं हेच मी कारागिरांच्या कानीकपाळी ओरडत आलो. आणि काल कपाट आवरताना तुझ्या पेटीसाठी आणलेली बाटली सापडली. तिचं सील तसंच!

मग मी पुसलं कशाने? विसरलो म्हणावं, तर हे हात असलं काही विसरत नाहीत. मुद्दाम केलं म्हणावं, तर पोटच्या पोरीशी असं कोण वागतं? तुझी आई म्हणते, "पेटी जोडायच्या दिवशी तुम्ही नुसते चंदनाचा वास घेत बसला होतात." मला काही सुधरत नाही बघ.

तुला कळवायलाच हवं. पण कळवलं, तर जावईबापू तिथल्याच सुताराकडून जोड पक्का करून घेतील. नाही कळवलं, तर एक दिवस पेटी काखेत मारून तू तणतणत येशील, "बाबा, हे काय काम?" दोन वर्षं झाली, एकदाही आली नाहीस.

पत्र तर लिहून झालं. पाकीट आणायला मात्र विसरलो.

तुझे,
बाबा