धुराचं टोक

रिहे, चैत्रातला मंगळवार, दिवेलागण

नात मुक्ता हिंजवडीच्या ऑफिसात वणव्यांचा धूर कुठून कुठे जातो ते उपग्रहाच्या फोटोंवर पाहते. आज तिने आपल्याच डोंगराचा फोटो दाखवला. पांढुरका धूर पार धरणापर्यंत गेलेला. शाळेत पाठ केलेल्या धुक्याच्या कविता आठवल्या. सुंदर वाटलं क्षणभर. लाज कशी नाही वाटली?

गाव म्हणतं, परवाचा वणवा शेजारच्या सखारामच्या विडीने लागला. गोठा त्याचाच जळला, आत गाभण म्हैस, तरी बोल त्यालाच. "विडी वढतो मी, पन त्या दिशी डोंगराकडं गेलोच न्हाई," असं तो पारावर सांगत होता. मी शेजारीच बसलेलो. गप्प.

मुक्ताने धुराचं टोक मोठं केलं. "आबा, हे तर आपलं खाचर. राब कुणी भाजला?"

भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची ती वारा पडल्यावर, संध्याकाळी. जन्मभर लोकांना हेच सांगितलं. त्या दिवशी मात्र भरदुपारी काडी लावली आणि बांधावर कविता गुणगुणत बसलो. भानावर आलो तेव्हा जाळ डोंगराच्या गवतात. तो पांढुरका धूर माझा.

"मीच," म्हणालो.

"मग सखारामकाकांना तुम्ही सांगताय की मी?"

काठी घेऊन गेलो. तो जळकी दावी गोळा करत होता. मला पाहून उठला.

"या आबा. समदं गाव उलटलं, तुमी तेवढं एका शब्दानं बोलला न्हाई मला."

त्याने दिलेलं पाणी प्यालो आणि परत आलो.