मालेगाव नाही, मलावी

अमरावती,
७ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
रागिणीचा सप्रेम सलाम वि. वि.

आई, मालेगाव नाही गं, मलावी! म-ला-वी! काल शालिकदादाचा फोन आला तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना. शुक्रवारी मी फोनवर घसा फोडून मलावी मलावी ओरडत होते आणि तू ऐकलंस मालेगाव. एवढ्यावर थांबली असतीस तरी चाललं असतं. काल उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीला सांगून मोकळी झालीस, की जावयाची बदली वाशीमकडच्या मालेगावला झाली, एसटीनं दोन तासांचा रस्ता, दर महिन्याला नातीला भेटून येईन म्हणून. कानाचं मशीन डब्यात ठेवून तू फोन घेतेस, त्याला मी काय करू? म्हणून आता हे पत्र. पत्र वाचायला कान लागत नाहीत.

मलावी हा आफ्रिकेतला देश आहे. आपल्या चर्चच्या मंडळीनं कुंदनला तिथल्या एका खेड्यात पाळक म्हणून पाठवायचं ठरवलंय, आणि मला तिथल्याच दवाखान्यात नर्सचं काम. तीन वर्षांसाठी. आई, मी इतकी हरखलेय की परवा ड्युटीवर एकाच पेशंटचं बीपी दोनदा घेतलं. आजवर साता समुद्रापलीकडून लोक आपल्याकडे यायचे, आता आपल्या वऱ्हाडातून कोणीतरी निघालंय! कुंदन दाढी करताकरता तिथल्या भाषेचे शब्द पाठ करतो आणि रोज गाल कापून घेतो.

आपली सुवार्ता साडेचार वर्षांची, तिला काय कळणार असं आम्ही समजत होतो. तिनं शाळेत, किराणा दुकानात आणि रिक्षावाल्या काकांना सांगून टाकलं की ती विमानानं जाणार आणि येताना हत्ती आणणार. ९ जानेवारीला बडनेऱ्याहून मुंबईची गाडी, तिथून पुढे विमान.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहते. लोभ आहेच, तो आता समुद्र ओलांडण्याइतका वाढव.

तुझी,
रागिणी

अकोला,
१२ ऑक्टोबर २०२४

चि. रागिणीस,
आईचे अ. आ. वि. वि.

तुहा कागद पोचला. माय वं, तोंड दाखवाले जागा नाई राहिली! समोरच्या परवीननं तर मालेगावच्या आपल्या नंदेचा पत्ताबी लिहून देला होता, पोरीले काही लागलं-सवरलं तर मागून घे म्हणा. आता तिले खरं सांगतलं, तर हसता हसता शिलाई मशीनवरून पडाचीच बाकी राहिली.

मले आनंद झाला, खोटं काहून बोलू? तुहे बाबा असते तर त्यायनं गल्लीभर पेढे वाटले असते. कुंदनराव गुणाचे हायेत, तू कामाची हायेस. जा तुमी दोघं खुशाल. पण सुवीले माह्याजवळ ठेव. एकच वर्ष. घर लागू द्या, तिकडचं पाणी मानवू द्या, मंग घेऊन जाजो. तू दवाखान्यात अन् ते देवळात, त्या पोट्टीले तिकडे पाहीन कोण?

तुले रूथची गोष्ट ठाऊक हाये. माही आई जयवंता मिशन बंगल्यात आया होती, अन् गोऱ्या साहेबाची पोट्टी रूथ तिच्याच कडेवर वाढली. माह्या आईलेच आई म्हणे, जेवाले भाकर मागे, इंग्रजी धड दोन शब्द बोलत नसे. सहा वर्षांची झाली तवा तिले मायदेशी नेलं. तिची सख्खी आजी बंदरावर हात पसरून उभी, अन् हे पोट्टी मडमेच्या झग्यामागं दडून वऱ्हाडीत पुसे की ही म्हातारी कोण. मडमेनं हे पाळकसाहेबाले पत्रात लिहिलं, त्यायनं आमाले वाचून दाखवलं. आमी मायलेकी पोट धरधरून हसलो होतो. त्याच्यानंतर माही आई दर नाताळाले पोस्टमनले अडवे, पण तिच्या नावानं कधी काही आलं नाई.

तवा हसली, आता हसू येत नाई. मले ती बंदरावरची आजी नाई व्हायचं, रागिणी. सुवीनं मले ओळखलं नाई तर मी काय करू?

बाकी सारं ठीक. लोभ हाये, सुवीले ठेवशील तर अजून वाढीन.

तुही,
आई

अमरावती,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि शेवटी रडले. कुंदननं विचारलं काय झालं, तर पत्रच त्याच्या हातात दिलं. दोन दिवस आम्ही तेच बोलत होतो. आई, सुवी आमच्याबरोबर येणार. वर्षानं तिला न्यायला आले आणि ती तुझ्या मागे दडून मलाच विचारायला लागली की ही कोण, तर बंदरावरची बाई मी होईन गं. ते मला नाही सोसायचं.

आणि रूथचं म्हणशील, तर तिचं काय वाईट झालं? तिला इथे आई मिळाली, पोटभर भाकर मिळाली. ही गोष्ट तू मला लहानपणापासून जयवंता आजीच्या बाजूनं सांगत आलीस. तेव्हा ती किती गोड होती! आताच कशी कडू झाली?

बरं, गंमत ऐक. सुवीचे पासपोर्टचे फोटो चार वेळा काढावे लागले. तोंड मिटायचं म्हटलं की ती डोळेही मिटायची. प्रत्येकी तेवीस किलोची बॅग न्यायची परवानगी आहे, तर हिनं आपली बॅग एका दिवसात भरली: सगळ्या बाहुल्या आणि एक लाटणं. शिवाय तुझं हिरवं लुगडं हवंय. अकोल्याला आली की त्याचाच पदर मुठीत धरून झोपते ना, म्हणून ते न्यायचंच म्हणते. मी समजावलं की आजी ते नेसते, आजीला लागेल. तर म्हणते, आजीला दुसरं घेऊन द्या.

नाताळला येतोच आहोत. तोवर राग असू दे, पण लोभाच्या खाली असू दे.

तुझी,
रागिणी

अकोला,
३० डिसेंबर २०२४

चि. रागिणीस,
अ. आ.

नाताळाले आले, चार दिवस राहिले, गेले. सणासुदीचं काय बोलाचं म्हणून मी तोंड उघडलं नाई. पण माह्या मनात हाये ते हाये. गाडी अकोल्याले पाच मिनिट थांबते म्हणून तू तीनदा सांगून गेली. मी काही टेसनावर येणार नाई. मले गर्दी सोसत नाई.

शालिकच्या हाती सामान पाठवीन. शेवया, कुरड्या, सांडगे, दोन किलो तिखट, पाच किलो तुरीची डाळ. तिकडे डाळ भेटते का नाई, कोणाले ठाऊक. सुवीची लसणाची चटणी वेगळ्या बरणीत हाये, ते तुमी दोघांनी फस्त करू नका. लुगडं काही भेटणार नाई. ते माह्या नेसाचं हाये.

लोभाचं पाहू.

आई

मलावी,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सप्रेम सलाम वि. वि.

या पत्राचा फोटो दादाच्या फोनवर पाठवतेय, तो छापून तुझ्या हातात देईल. टेसनावर येणार नाई म्हणणारी बाई तासभर आधी येऊन बाकावर बसली होती, हे त्यानंच मला सांगितलं. पाच मिनिटांतली चार मिनिटं तू सुवीचे गाल कुरवाळलेस आणि उरलेलं एक मला रागवण्यात घालवलंस, की पोरीला स्वेटर काहून घातला नाही. बरं वाटलं गं.

आई, इथली माती लालभडक, आणि शेतात काय उभं असावं? तूर! खरंच, आपली तूर! इथे तिला नांदोलो म्हणतात. कुंदन तर बांधावर उभा राहून लहान पोरासारखा ओरडला. तुझी पाच किलो डाळ इतकं उडून शेवटी तुरीच्याच गावात आली.

दुसरी मजा. इथे कोणी भेटलं की 'मुली ब्वांजी' म्हणतात, म्हणजे कसे आहात. सुवीला वाटलं सगळा गाव तिलाच मुली म्हणून हाक मारतोय. मग कुंदनलाही तसंच म्हणाले, तेव्हा बाबा मुलगी आहेत म्हणत ती अंगणात लोळून हसली. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात माझ्या हातून दोन बाळं जन्मली. मी इतकी खूश आहे की दमणूक जाणवत नाही.

आता एक गोष्ट. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, पण तुझ्यापासून लपवणार नाही. शेजारी एस्नाथ नावाची एक म्हातारी आहे. तिची नातवंडं दूर शहरात असतात. मी ड्युटीवर गेले की सुवी तिच्याकडे असते. दमली की एस्नाथबाई तिला कापडानं पाठीला बांधून घेते, एवढी मोठी घोडी झाली तरी. सुवीनं तिला 'काहून' शिकवलंय, आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला काहून काहून विचारते. बुधवारी मी घरी आले, तर सुवी तिच्या पाठीवरून तिला आगोगो अशी हाक मारत होती. आगोगो म्हणजे आजी. मी अंगणातच थबकले. कुंदनची आई सुवीच्या जन्माआधीच गेली, त्यामुळे आजी म्हणजे फक्त तू. सुवीनं मला समजावून सांगितलं की आता तिला दोन आज्या आहेत, एक ऐकू येणारी आणि एक ऐकू न येणारी.

रागावलीस तर रागाचं का होईना, पत्र लिही. लोभाला अंतर देऊ नकोस.

तुझी,
रागिणी

अकोला,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रागिणीस,
अ. आ. वि. वि.

कागद वाचला, घडी घातली, पिठाच्या डब्याखाली ठेवला अन् दुपारी जेवली नाई. तुह्यावर राग नाई. संध्याकाळी परवीन आली, तिले वाचून दाखवला. ऐकू न येणारी आजी म्हटल्यावर ती अशी हसली, की मलेबी हसू फुटलं.

मंग मले आईचा पोस्टमन आठवला. तुले हे कधी सांगतलं नाई. ती मडमेच्या पत्राची वाट नव्हती पाहत. रूथच्या आजीच्या पत्राची पाहे. तिच्या नातीले मी सहा वर्षं वागवलं, तिनं मले एक कागद तरी टाकाले पायजे होता, असं मरेपर्यंत म्हणे. अन् मी इथं रूथच्या आजीसारखीच तोंड फुगवून बसली होती.

सोबत एस्नाथबाईले चिठ्ठी हाये. कुंदनरावले म्हणा, तिच्या भाषेत वाचून दाखवा अन् काही गाळू नका. मंडळीचे पाहुणे मार्चात तिकडे येऊन राहिले, त्यायच्या हाती हे अन् एक पुडकं देते.

लोभ हाये. कमी झालाच नव्हता.

तुही,
आई

एस्नाथबाई बहिणीले,
अकोल्याच्या माणिकबाईचा येशूच्या नावानं सलाम.

मी सुवीची ऐकू न येणारी आजी. तुमच्याकडे तूर पिकते म्हणे, आमच्याकडेबी पिकते. म्हणजे आपण काही लय दूरच्या नाई.

आपल्या पोरीचं सांगते. खोटं रडते तवा डोळे उघडे ठेवते, खरं रडते तवा मिटून घेते. ताप येणार असला की आधी तळपाय गरम होतात. रुसली तर बोलू नका, दोन मिनिटांत आपोआप येऊन बिलगते. भेंडी खात नाई म्हणीन, पण खाते.

हिरवं लुगडं पाठवून राहिली. नऊवारी हाये, तुमाले नेसता येणार नाई. तिले पाठीले बांधाले घ्या. त्याचा पदर तिच्या मुठीच्या ओळखीचा हाये.

माह्या आईनं परक्या मुलखातल्या एका पोरीले असंच वागवलं होतं. तिले कोणी दोन ओळी लिहिल्या नाई. म्हणून मी लिहून राहिली. तुमी माही नात सांभाळून राहिल्या, तुमचे लय उपकार हायेत.

ती तुमाले आजी म्हणते, म्हणू द्या. तिची हाक मले इथवर ऐकू येत नाई, तशीबी माह्या कानाची बोंबच हाये. तिनं हाक मारली की ओ तुमी देत जा.

तुमची बहीण,
माणिकबाई