कडीची हिरवी चिंधी

शनिवार, संध्याकाळ

सुट्टीवर घरी आलेल्या विनयने आज गावाचे फोटो मागितले, म्हणून लिहायला बसले. आफ्रिकेत त्याची कंपनी तांब्याची मोठी उघडी खाण काढते आहे. आड येणारं गाव हलवायचं काम माझ्या मुलाकडे! भूकंपानंतर वसवलेलं आमचं हे गाव तो तिथल्या लोकांना दाखवणार.

"आपण रुळलोच की, आई."

"रुळलो? सारख्या घरांत आपलं सापडावं म्हणून तुझी आजी मरेपर्यंत दाराच्या कडीला हिरवी चिंधी बांधायची."

"तू बी लई ताणतीस."

आम्हाला भूकंपाने हलवलं. त्यांना हा हलवणार. लातूरला क्लासला मीच घातलं त्याला, रडत होता तरी. याच्यासाठी?

चिंधी अजून कडीलाच होती. सोडली.

जाताना विनयच्या हाती दिलं: चार फोटो आणि चिंधी. फोटो तेवढे नेले.